वाचकांचे प्रश्न : घरचा सर्व्हर, प्लॅटफॉर्म कोणता?

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. मी रामबागेत राहतो. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो. प्रोग्रॅमिंग येत नाही आणि या वयात शिकायची इच्छाही नाही, पण वाचून, समजून घेऊन, सांगितलेलं नीट करणारा माणूस आहे. घरी एक जुना डेस्कटॉप पडून आहे. आय-थ्री, ८ जीबी रॅम, १ टीबीची डिस्क. त्यावर तीन गोष्टी ठेवायच्या आहेत : कुटुंबाचे फोटो, घराचे आणि आमच्या मंडळाचे स्कॅन केलेले कागद, आणि पूर्वी आमच्या घरी गाण्याच्या बैठका व्हायच्या त्यांची कॅसेटवरून उतरवून घेतलेली ध्वनिमुद्रणं. मुलगा पुण्यात, मुलगी वडोदऱ्याला. त्यांनाही हे पाहता-ऐकता यावं. शिवाय मंडळाची सभासद यादी आणि एक छोटी वेबसाइट मनात आहे. भाच्यानं असा घरचा सर्व्हर चालवणाऱ्या प्लॅटफॉर्मची पाच नावं लिहून दिली : कासाओएस, अम्ब्रेल, युनोहोस्ट, क्लाउड्रॉन, कूलिफाय. पाचांचीही माहिती वाचली. सगळेच म्हणतात, ‘एका क्लिकमध्ये अ‍ॅप बसतं.’ मग निवडायचं कशावरून?
(एक वाचक, इंदूर)

उत्तर : काका, नमस्कार. एका क्लिकमध्ये अ‍ॅप बसतं हे पाचांच्याही बाबतीत जवळजवळ खरं आहे, आणि म्हणूनच निवड करताना त्या गोष्टीचा काही उपयोग नाही. तुम्ही विचारायचा प्रश्न वेगळा : उद्या ही डिस्क गेली, तर दुसऱ्या मशीनवर हे सगळं मला, कोणाला फोन न करता, परत उभं करता येईल का? ज्याला प्रोग्रॅमिंग येतं तो बिघडल्यावर आत शिरून काहीतरी करून घेतो. आपल्याला ते जमणार नाही, तेव्हा आपली सगळी मदार परत उभं करण्यावर. मी बरीच वर्षं एका महाविद्यालयाचा संगणक कक्ष सांभाळला. बसवता न आल्यामुळे कोणाचं नुकसान झालेलं मी पाहिलं नाही. परत आणता न आल्यामुळे झालेलं मात्र पुष्कळदा पाहिलं.

याला जोडून दुसरा प्रश्न : हा प्लॅटफॉर्मच बंद पडला तर? सँडस्टॉर्म नावाचा एक प्लॅटफॉर्म होता, अगदी तुमच्यासारख्या, प्रोग्रॅमर नसलेल्या लोकांसाठी काढलेला. २०१४ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे राहिले, काम सुंदर होतं. २०१७ मध्ये त्याची मूळ टीम दुसऱ्या कंपनीत गेली आणि पुढचं काम स्वयंसेवकांवर आलं. उत्तम कल्पना, मनापासून काम करणारी माणसं, तरी असं होतं. म्हणून आपल्या फायली साध्या फोल्डरमध्ये, दुसऱ्या कोणत्याही संगणकावर उघडतील अशा राहतात की नाही, हे पहिल्या दिवशी बघायचं.

आता पाच नावं. कूलिफाय बाजूला ठेवा. ते चांगलं आहे, पण स्वतः लिहिलेला कोड सर्व्हरवर चढवणाऱ्यांसाठी आहे. तयार अ‍ॅप्सही त्यात बसतात, पण त्याची सगळी भाषा प्रोग्रॅमरची.

क्लाउड्रॉन या पाचांत सगळ्यात शिस्तीचं. अपडेट, बॅकअप, बॅकअपवरून नव्या सर्व्हरवर परत उभं करणं, सगळं स्वतःहून आणि नीट. दोन अ‍ॅपपर्यंत फुकट, पुढे दरमहा पैसे. त्याला स्वतःचं डोमेन नाव, म्हणजे इंटरनेटवरचा नावाचा पत्ता, लागतं. पैसे द्यायची तयारी असेल आणि डोक्याला ताप नको असेल, तर हे घ्या असं मी मनापासून सांगेन. पण तुमची तीन अ‍ॅप्स आत्ताच होतात आणि तुम्हाला ते घरातल्याच मशीनवर, घरच्यांपुरतं हवंय. तेवढ्यासाठी डॉलरमध्ये वर्गणी भरत राहणं मला पटत नाही.

युनोहोस्ट २०१२ पासून चालू आहे, डेबियन या लिनक्स प्रणालीवर उभं आहे आणि मुख्यतः फ्रान्समधले स्वयंसेवक ते चालवतात. एकाच लॉगिननं पुष्कळ अ‍ॅप्स उघडतात, फुकट उपडोमेन मिळतं, बॅकअप घेणं आणि परत आणणं त्याच्या पडद्यावरूनच होतं, आणि अ‍ॅप अपडेट करण्याआधी ते आपणहून एक प्रत काढून ठेवतं. त्याचं ‘डायग्नोसिस’ नावाचं पान तर मला फार आवडतं. कोणतं पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचं दार, बंद आहे, डोमेनच्या कुठल्या नोंदीत चूक आहे, सगळं सरळ वाक्यांत लिहून देतं. मात्र त्याचा सगळा पिंड इंटरनेटवर उघड असलेल्या सर्व्हरचा आहे. मंडळाच्या वेबसाइटसाठी ते योग्य. घरच्या फोटोंसाठी नाही. का, ते पुढे सांगते.

राहिली दोन : अम्ब्रेल आणि कासाओएस. तुमची खरी निवड या दोघांतच आहे, आणि इथे एक गोष्ट आहे जी त्यांच्या माहितीत तुम्हाला सापडणार नाही, कारण ती लिहिणाऱ्यांच्या घरात मराठी कागद नाहीत.

स्कॅन केलेल्या कागदांसाठी पेपरलेस-एनजीएक्स हे अ‍ॅप लोक वापरतात, तुम्हीही तेच घ्या. कागद टाकला की ते त्यातली अक्षरं वाचतं आणि मग शब्द टाकून कागद शोधता येतो. वाचण्याचं काम आत टेसरॅक्ट नावाची प्रणाली करते. टेसरॅक्टला मराठीही येते आणि हिंदीही, पण पेपरलेस बसवलं की सोबत इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश एवढ्याच भाषा येतात. म्हणजे मंडळाचा छापील मराठी अहवाल टाकला तर तो दिसतो छान, पण आत त्याचा मजकूर म्हणून निरर्थक रोमन अक्षरांची रांग साठते. ‘वार्षिक सभा’ शोधा, काहीच मिळणार नाही. आणि आपल्या इंदूरच्या मराठी घरांचं तर अजून वेगळं : मंडळाचा अहवाल मराठीत, नगर निगमची संपत्ति कराची पावती हिंदीत, बँकेचं पत्र इंग्रजीत. आपल्याला तिन्ही भाषा एकदम हव्यात.

त्यासाठी पेपरलेसमध्ये दोन सेटिंग्ज भरायची असतात, आणि त्यांची नावं इतकी सारखी आहेत की लक्ष देऊन वाचा. ‘ओसीआर लँग्वेजेस’ (ओसीआर म्हणजे चित्रातली अक्षरं वाचणं), अनेकवचनी, म्हणजे कोणत्या भाषा आणून बसवायच्या : इथे मराठीची तीन अक्षरं एमएआर (mar) आणि हिंदीची एचआयएन (hin), दोन्ही छोट्या रोमन अक्षरांत, मध्ये मोकळी जागा सोडून. ‘ओसीआर लँग्वेज’, एकवचनी, म्हणजे वाचताना कोणत्या वापरायच्या : इथे मराठी, हिंदी आणि इंग्रजीची ईएनजी (eng) ही तिन्ही अधिक चिन्हानं जोडून. मग अ‍ॅप पुन्हा सुरू करायचं. त्यानंतर टाकलेला छापील कागद बऱ्यापैकी वाचला जातो. जोडाक्षरांत चुका होतात, पण शोधण्यापुरतं काम भागतं. हातानं लिहिलेलं वाचलं जाईल ही आशा ठेवू नका, आणि पणजोबांच्या वेळचे मोडीतले कागद असतील तर त्यांना शीर्षक आणि चार शब्दांची टीप तुम्हीच लिहा.

ही दोन सेटिंग्ज कासाओएसमध्ये अ‍ॅपच्या ‘सेटिंग्ज’ पडद्यावर, साध्या चौकटींत भरता येतात. अम्ब्रेलमध्ये त्यासाठी असा पडदा नाही, आतल्या फायलीत हात घालावा लागतो. एरवी अम्ब्रेल दिसायला जास्त नेटकं आहे, बॅकअपची आणि मागच्या तारखेवर परत जाण्याची सोयही अलीकडे त्यात आली आहे. नुसते फोटो आणि गाणी असती तर मी अम्ब्रेलच सांगितलं असतं. पण तुमच्याकडे मराठी-हिंदी कागद आहेत, आणि ते शोधता येणार नसतील तर स्कॅन करण्याचे कष्ट कशासाठी?

म्हणून माझं उत्तर कासाओएसच्या घराण्यातलं. कासाओएस स्वतः डेबियनसारख्या लिनक्सवर वरून बसवायचं असतं. त्याच मंडळींनी पुढे झिमाओएस काढलं, ती पूर्ण प्रणालीच आहे. पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायची, मशीन त्यावरून सुरू करायचं, बसवायची. लिनक्सची वेगळी ओळख लागत नाही आणि अ‍ॅपच्या सेटिंग्जचा पडदा तसाच. तुमचा डेस्कटॉप यूईएफआय या नव्या पद्धतीनं सुरू होत असेल तर झिमाओएस घ्या, त्याच्या वापराच्या अटी तेवढ्या आधी वाचा. मशीन फार जुनं निघालं तर डेबियन आणि वर कासाओएस. या दोन्हींत तुमच्या फायली ‘डेटा’ नावाच्या फोल्डरखाली साध्या राहतात, आणि अ‍ॅप्स डॉकरवर, म्हणजे प्रत्येक अ‍ॅप आपल्या वेगळ्या डब्यात ठेवणाऱ्या प्रणालीवर, चालतात. उद्या वरचा पडदा कोणी सांभाळेनासं झालं तरी तीच अ‍ॅप्स दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर नेता येतात.

फोटोंसाठी इमिच. ८ जीबी रॅम त्याला पुरेल, पण त्याहून कमी नको. फोनवर त्याचं अ‍ॅप टाकलं की फोटो आपोआप घरच्या मशीनवर येतात. बसवल्यावर पहिला फोटो टाकण्याआधी एक काम करा : व्यवस्थापनाच्या पानावर ‘स्टोरेज टेम्प्लेट’ चालू करा. ते सुरुवातीला बंद असतं आणि मग फायलींना लांबलचक अगम्य नावं पडतात. चालू केलंत की वर्ष आणि तारखेचे फोल्डर बनतात. इमिच नाहीसं झालं तरी १९९८ सालची मुंज १९९८ च्या फोल्डरमध्ये सापडेल, अर्थात स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंच्या तारखा तुम्ही आधी भरल्या असतील तर. स्कॅनर स्वतःहून त्या दिवसाची तारीख घालतो, त्यामुळे हे काम टाळता येत नाही. शोधण्याच्या बाबतीतही तीच भाषेची गोष्ट : इमिचचं फोटो ओळखणारं मूळ मॉडेल इंग्रजीवर शिकलेलं आहे. ‘नदीकाठचं देऊळ’ असं मराठीत टाकून फोटो शोधायचा असेल तर सेटिंग्जमध्ये बहुभाषिक मॉडेलचं नाव घालावं लागतं आणि सगळे फोटो पुन्हा एकदा त्याच्या नजरेखालून जाऊ द्यावे लागतात. जुन्या आय-थ्रीवर ते बराच वेळ चालेल, रात्री लावून ठेवा. चेहऱ्यांना नावं मात्र थेट देवनागरीत देता येतात. आजी, अण्णा, ताईआत्या, जशी तुम्ही हाक मारता तशी द्या.

ध्वनिमुद्रणांसाठी नॅव्हिड्रोम. ते फायलीच्या नावापेक्षा तिच्या आतल्या नोंदी वाचतं, तेव्हा प्रत्येक मुद्रणात गायक, राग, तारीख आणि साथीला कोण होतं ते भरा. कॅसेट उतरवताना आवाज जसाच्या तसा ठेवणाऱ्या फ्लॅक प्रकारात साठवा, एमपीथ्रीमध्ये नको. ती कॅसेट पुन्हा वाजेलच याची खात्री नसते. या बैठका घरच्यांनी ऐकायला हरकत नाही. बाहेर देण्याआधी मात्र त्या कलाकारांच्या घरी विचारा. ते आपलं कर्तव्य आहे.

आता घराबाहेरून पाहण्याची गोष्ट. यूट्यूबवर तुम्हाला सांगतील की राउटरमध्ये पोर्ट उघडा. उघडू नका. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनं क्यूनॅप कंपनीच्या, इंटरनेटवर उघड्या असलेल्या घरगुती साठवण-यंत्रांतल्या फायली कुलूपबंद केल्या आणि सोडवायला बिटकॉइन मागितले. ती माणसंही तुमच्या-माझ्यासारखी होती, आपले फोटो जपणारी. शिवाय आपल्याकडच्या पुष्कळ घरगुती जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळतच नाही. राउटरच्या पानावर डब्ल्यूएएन पत्ता, म्हणजे इंटरनेट कंपनीनं राउटरला दिलेला पत्ता, पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांत सुरू होत असेल तर तो कंपनीच्या आतल्या जाळ्यातला, अनेक घरांत वाटलेला. मग पोर्ट उघडूनही बाहेरून कोणी पोहोचणार नाही, आणि यात तुमची चूक शोधत बसू नका.

यावर उपाय टेलस्केल. ते घरच्या मशीनवर, तुमच्या, मुलाच्या आणि मुलीच्या फोनवर बसवायचं, की हे सगळे जणू एकाच घरातल्या जाळ्यात येतात. बाहेरच्या जगाला तुमचं मशीन दिसतच नाही. घरगुती वापराला ते फुकट आहे. मुलीच्या फोनवर इमिच उघडून सर्व्हरच्या जागी मशीनचा टेलस्केल पत्ता आणि पुढे २२८३ हा पोर्ट क्रमांक टाकला की झालं. हे एकदा ती दिवाळीला आली की समोर बसवून करून घ्या. फोनवर सांगत करायचं काम नाही हे.

मंडळाची सभासद यादी मात्र या मशीनवर आणू नका. ती तुमची नाही, मंडळाची आहे. सचिव बदलले की ती त्यांच्याकडे जायला हवी, तुमच्या घरच्या डेस्कटॉपवर अडकायला नको. त्यात लोकांचे फोन नंबर आणि जन्मतारखा असतात. साधी स्प्रेडशीट, पासवर्ड लावून, दोन पदाधिकाऱ्यांकडे, एवढं पुरे. वेबसाइट करायचीच ठरली तर मंडळाच्या नावानं भाड्याचा छोटा सर्व्हर आणि त्यावर युनोहोस्ट. तोही मंडळात दुसरा एक तरुण सभासद शिकायला तयार असेल तरच.

खर्चाचं. जुन्या १ टीबी डिस्कवर विसंबू नका. सिल्वर मॉलमधून एक नवी एसएसडी आणि दोन बाहेरच्या हार्ड डिस्क आणा. एक छोटा यूपीएसही. पावसाळ्यात वीज क्षणभर जरी गेली तरी डेटाबेस, म्हणजे अ‍ॅपची आतली नोंदवही, अर्धवट लिहिला जाऊ शकतो. मशीनच्या बायोसमध्ये, म्हणजे सुरू होतानाच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, ‘वीज परत आल्यावर आपोआप सुरू हो’ असं सेटिंग असतं, ते चालू करा, नाहीतर तुम्ही पुण्याला गेला असताना सगळं बंद राहील. विजेचा हिशेब तुम्ही माझ्यापेक्षा चांगला मांडाल : डेस्कटॉपनं ४० वॅट धरले तर महिन्याला जवळपास २९ युनिट, छोटा मिनी पीसी १० वॅटवर चालला तर ७ च्या थोडं वर. आधी जुन्यावर करून पाहा. रुळलं तर मिनी पीसी घ्या.

आणि काका, हे सगळं बसवल्यावर खरे फोटो टाकण्याआधी रंगीत तालीम करा. थोडे फोटो, दोन-तीन कागद, एक मुद्रण टाका. फोटोंत एक अल्बम करा, चेहऱ्यांना नावं द्या. अ‍ॅप्स पडद्यावरून बंद करा आणि पूर्ण ‘डेटा’ फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवा. मग मशीन कोरं करा. खरंच कोरं करा. पुन्हा प्रणाली बसवा, फोल्डर परत जागेवर ठेवा, अ‍ॅप्स पुन्हा बसवा आणि बघा काय काय परत आलं. फोटो आले पण नावं आणि अल्बम गेले, तर समजा की डेटाबेस राहिला. इमिच रोज रात्री दोन वाजता डेटाबेसची एक प्रत आपणहून ‘बॅकअप्स’ फोल्डरमध्ये ठेवतं, ती बाहेरच्या डिस्कवर गेली होती का ते तपासा. ही तालीम अडली तर माझा सल्ला सोडून द्या आणि क्लाउड्रॉनचे पैसे भरा, किंवा मराठीतल्या शोधाचा हट्ट सोडून अम्ब्रेल घ्या. त्यात कमीपणा काही नाही. तालीम पार पडली तर मग सगळं टाका. बाहेरच्या दोन डिस्कांपैकी एक घरी आणि एक मुलाकडे पुण्याला ठेवा, येता-जाता बदलत राहा. गूगलवरचे फोटो एवढ्यात पुसू नका. १ जून २०२१ पासून तिथली अमर्याद फुकट जागा संपली हे खरं, पण वर्षभराची वर्गणी ही शांत झोपेसाठी फार मोठी रक्कम नाही.

प्रश्न : माझ्याकडे रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक आहे, मेमरी कार्डसकट. यावर घरचा सर्व्हर होईल का?
(एक वाचक, ग्वाल्हेर)

उत्तर : होईल, पण मेमरी कार्डवर नको. सर्व्हर सतत थोडंथोडं लिहीत असतो, आणि कार्ड त्यासाठी बनलेलं नसतं. ते एक दिवस काही न सांगता जातं. यूएसबीवर एसएसडी लावा आणि प्रणाली तिच्यावरच ठेवा. कासाओएस चालेल. झिमाओएस चालणार नाही, ते इंटेल-एएमडीच्या मशीनसाठी आहे. तुमचा पाय ४ जीबीचा असेल तर नॅव्हिड्रोम आणि छोटी अ‍ॅप्स बेलाशक चालवा, इमिचच्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न : ताई, माझ्या यजमानांनी घरी असा सर्व्हर केला आहे. आमचे सगळे फोटो, विम्याचे कागद त्यातच आहेत. ते सगळं करतात, मला फक्त फोनवर बघता येतं. त्यांची तब्येत अलीकडे बरी नसते. मी त्यांना काय विचारून ठेवावं? विचारायला संकोच वाटतो.
(एक वाचक, वडोदरा)

उत्तर : ताई, संकोच सोडून या आठवड्यातच बसा. ‘मला हे शिकायचंय’ एवढंच म्हणा, त्यांना आनंदच होईल. पहिलं, बॅकअपची डिस्क कुठे आहे आणि ती साध्या लॅपटॉपला लावून तुम्हाला स्वतःला त्यातला एक फोटो आणि एक विम्याचा कागद उघडता येतो का, हे त्यांच्या समोर करून पाहा. डिस्कला पासवर्ड असेल तर तो आत्ताच माहीत करून घ्या. त्याशिवाय नंतर कोणीही ती उघडू शकणार नाही, दुकानदारही नाही. दुसरं, एका कागदावर त्यांच्या हातानं लिहून घ्या : मशीनचा पासवर्ड, टेलस्केल किंवा जे वापरत असतील त्याचं खातं कोणत्या ईमेलवर आहे, डोमेन घेतलं असेल तर त्याचं नूतनीकरण कधी आणि कोणत्या कार्डावरून होतं, आणि नात्यात किंवा ओळखीत हे कोणाला कळतं. तो कागद दागिन्यांच्या कपाटात ठेवा, सर्व्हरवर नको. तिसरं, विम्याच्या, घराच्या आणि बँकेच्या कागदांच्या छापील प्रती काढून फाइलला लावा. त्या कागदांसाठी तुमच्यावर कधीही पासवर्ड शोधायची वेळ येऊ नये. आणि महिन्यातून एकदा बॅकअपची डिस्क लावायचं काम त्यांच्याकडून तुमच्याकडे घ्या. त्यांनी शेजारी बसून चहा घेत सांगावं, करावं तुम्ही.